राखाडी सोफ्यावर कुठल्या रंगाची कुशनं? आधी बैठक मोजा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गोव्यात फोंड्याला नवा फ्लॅट, हॉलमध्ये एल आकाराचा राखाडी सोफा, त्यावर ऑनलाइन मागवलेली एकाच मापाची सात कुशनं. घरात दोन लहान मुलं, सासूबाईंना कंबरेचा त्रास, खिडकी पश्चिमेला. संध्याकाळपर्यंत निम्मी कुशनं जमिनीवर येतात, जुलैत त्यांना कुबट वास यायला लागला, आणि एवढा खर्च करूनही सोफा दुकानात मांडून ठेवल्यासारखा दिसतो. आता सगळी बदलायची आहेत, तर रंग कुठले घ्यावेत आणि किती घ्यावीत?

रंगाचं उत्तर देणार आहे, पण शेवटी. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन रंगाच्या नाहीतच. कुशनं खाली पडतात ही मापाची तक्रार आहे, वास येतो ही भरणाची आणि कापडाची. दुकानासारखं दिसतं तेही बरंचसं मापामुळेच, कारण एका ओळीत सारखे सात चौकोन ठेवले की कुठलाही रंग असला तरी ते मांडलेलेच दिसणार. मी म्हापशाला पडदे, सोफ्याची कव्हरं आणि कुशनं शिवण्याचं काम करते. ‘फक्त रंग सुचवा’ म्हणून बोलावणाऱ्या घरांतही मी पिशवीतून आधी टेप काढते आणि कापडाचे नमुने नंतर.

तर आधी मोजू. सोफ्यावर पाठ अगदी टेकवून बसा आणि मागच्या टेकूपासून बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत किती इंच भरतात ते बघा. मग तसंच बसून तुमच्या पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचं माप घ्या. बायकांचं हे दुसरं माप बहुधा १७ ते १९ इंचांच्या दरम्यान येतं. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या वेताच्या विणीच्या लाकडी सोफ्यांची बैठक कमी खोल असते, म्हणजे तिथे पाठीला काहीही न घेता नीट बसता येतं. आताचे एल आकाराचे सोफे २२ ते २४ इंच खोल असतात. पाठ टेकवली तर पाय लोंबकळतात आणि पाय टेकवले तर पाठ सुटते. हे मधलं अंतर भरून काढणं हे कुशनचं पहिलं काम. शोभा त्यानंतर.

समजा बैठक २३ इंच आणि तुमचं माप १८. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत दीड-दोन इंच मोकळे राहायला हवेत, म्हणजे पाठीमागे भरायची जागा झाली साडेसहा-सात इंच. चांगलं भरलेलं १६ किंवा १८ इंची एक कुशन त्यातली बरीचशी जागा भरून काढतं. एक पुरतं. तुम्ही फोटोत दाखवतात तशी मागे एक आणि पुढे एक अशी दुहेरी रांग लावली असणार. मग बसणारा माणूस पार कडेला येतो, एक कुशन काढतो, आणि ते ठेवायला जागा नसते म्हणून जमिनीवर टाकतो. मुलांना त्यासाठी रागावू नका. बसायला येणाऱ्याला काहीही उचलावं लागू नये, एवढ्या एका कसोटीवर सोफा तपासून बघा.

सासूबाईंसाठी मात्र वेगळा विचार करा. त्यांना चौकोनी कुशन देऊ नका, ते खांद्यांनाही पुढे ढकलतं आणि कंबर पोकळीतच राहते. १२ बाय १८ इंचांचं आडवं, जरा घट्ट भरलेलं कुशन कंबरेच्या वळणात बरोबर बसतं. दुखणं जुनं असेल तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट काय सांगतात ते आधी, माझं त्यानंतर. त्यांची जागाही ठरवून टाका, शक्यतो हाताचा टेकू असलेल्या टोकाला, म्हणजे उठताना आधार मिळतो. ते कुशन तिथून हलवायचं नाही हे मुलांना एकदाच नीट सांगा. ती ऐकतात.

आता किती. एल आकाराच्या सोफ्याला मी पाचाच्या वर जात नाही. कोपऱ्यात सहसा कुणी बसत नाही, ती जागा फुकट जाते, तिथे एक मोठं २० इंची ठेवा. लांब बाजूला १८ इंची दोन, एकमेकांना न चिकटवता. आखूड बाजूला १६ इंची एक, आणि सासूबाईंचं आडवं. सोफा ९ फुटांपेक्षा लांब असेल किंवा पाहुण्यांचा राबता मोठा असेल तर एखादं वाढवा. घरात कुणी सोफ्यावर दुपारी आडवं होत असेल तर एक मऊ, पातळ उशी बाजूला वेगळी ठेवा. भरगच्च कुशन डोक्याखाली घेतलं की मान धरते.

वासाचा विषय मोठा आहे, कारण तो आपल्या हवेचा आहे आणि दिल्ली-जयपूरच्या सजावटीच्या व्हिडिओंत त्याचा उल्लेखही नसतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. तुम्ही तर फोंड्याला, सह्याद्रीच्या अलीकडच्या डोंगरपट्ट्यात. हवेतला दमटपणा सतत ७० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला पोषक वातावरण तयार होतं, आणि आपल्याकडे ते आठवडेच्या आठवडे राहतं. कापूस हवेतलं पाणी शोषतो. साधारण हवेतच तो आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो, लिनन त्याहून जास्त. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून आपल्या घरांत मी कुशनच्या आत कापूस भरत नाही. गादीवाल्याकडून पिंजून घेतलेला कापूस पहिल्या उन्हाळ्यात सुरेख वाटतो, पण पावसात जड होतो, गाठी धरतात आणि उन्हात टाकायला ऊनच नसतं.

भरणासाठी पॉलिस्टर फायबर घ्या, दुकानात रेक्रॉन म्हणून मागतात ते. त्यातही दोन प्रकार दिसतील. एक सरळ तंतूंचा स्वस्त, जो चार-सहा महिन्यांत चपाती होतो, आणि दुसरा आतून पोकळ, कुरळ्या तंतूंचा, जो दाबून सोडला की परत वर येतो. दुकानातच मुठीत घट्ट दाबून सोडून बघा, लगेच कळतं. १६ इंची कुशनला ४०० ग्रॅमच्या आसपास फायबर लागतं. त्याहून हलकं असेल तर ते फुगलेलं दिसतं पण टेकल्यावर पाठीला मागची फळी लागते. फोमचे तुकडे भरलेली कुशनं घेऊ नका. फोम आपल्या हवेत काही वर्षांनी पिवळा पडून भुगा होऊ लागतो आणि आत ओल गेली की लवकर सुकत नाही. पिसांची कुशनं दिसायला राजेशाही, पण दमट घरात त्यांना वास धरतो. आपल्या डोंगरात मिळणारा सावरीचा कापूस मात्र मला आवडतो. त्याच्या तंतूंवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे तो पाणी लवकर शोषत नाही आणि हलकाही असतो. फक्त तो धुता येत नाही, त्याचे तंतू बारीक शिवणीतूनही बाहेर येतात आणि कुणाला दमा असेल तर त्रास होऊ शकतो. म्हणून मुलांच्या घरात मी तो सुचवत नाही.

भरण कुठलंही असलं तरी ते आतल्या पांढऱ्या खोळीत वेगळं शिवलेलं हवं आणि वरचं कव्हर चेन काढून निघणारं हवं. तुमच्या आताच्या सात कुशनांपैकी ज्यांची आतली खोळ वेगळी आहे ती फेकू नका. मोकळी करून कडक उन्हात दोन दिवस दोन्ही बाजूंनी वाळवा. त्यानंतरही नाकाला लावल्यावर वास राहिला असेल किंवा काळे ठिपके दिसत असतील तर मात्र ठेवू नका. बुरशी आतपर्यंत गेलेली असते आणि अत्तर शिंपडून ती जात नाही.

कव्हरच्या कापडाबाबत माझं मत थोडं उलटं वाटेल. आत कापूस नको म्हणते, पण बाहेर मात्र सुतीच घ्या. बाहेरचं कापड काढून धुता येतं, पंख्याखाली रात्रीत वाळतं, आणि एप्रिल-मेमध्ये उघड्या हाताला, मानेला सुतीच सुखाचं वाटतं. जाड विणीचं सुती, ज्याला दुकानदार डक किंवा कॅनव्हास म्हणतात ते, किंवा हातमागाचं दणकट कापड. सुती कव्हरांना पावसाळ्यात खळ लावू नका. खळ म्हणजे पीठच, बुरशीला आयतं खाणं. ज्यूटचं कापड फोटोत छान दिसतं पण ते मानेला टोचतं, तंतू गळतात आणि पहिल्याच पावसात त्याला ओल्या गोणपाटाचा वास येतो. मी गिऱ्हाइकाला ते सरळ नाही सांगते. मखमल आता बहुतेक पॉलिस्टरची येते, ती पावसात चांगली टिकते, पण मे महिन्यात तिच्याकडे पाहूनच घाम येतो. घरात मांजर असेल तर फासे असलेली कापडं टाळा, नखं अडकतात.

समुद्राजवळच्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. कळंगुट, कोलवा, मोरजीच्या बाजूला धातूची चेन खाऱ्या हवेने गंजते आणि तो गंज कापडावर उतरतो. तिथे नायलॉनचीच चेन घालायची. फोंड्याला एवढी भीती नाही, पण शिवून घेताना नायलॉनचीच सांगा, किमतीत फार फरक नसतो.

शिंप्याला काय सांगायचं तेही लिहून ठेवा. कव्हर भरणापेक्षा लहान हवं. १६ इंचांचं कव्हर शिवलंत तर आत १८ इंची भरण घाला. सारख्या मापाचं घातलं की कोपरे रिकामे राहतात आणि सहा महिन्यांत कव्हर लोंबतं. दुसरं, चारही कोपरे काटकोनात शिवू नयेत. कोपऱ्याकडे येताना शिवण अर्धा इंच आत घ्यायला सांगा, नाहीतर भरल्यावर कोपरे कानांसारखे उभे राहतात. तिसरं, सुती कापड शिवण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटणं नेहमीचं आहे, म्हणजे १६ इंचांच्या कव्हरमागे अर्धा ते पाऊण इंच. कापड किती घ्यायचं तर ५४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) एका मीटरमध्ये १६ इंची तीन कव्हरं दोन्ही बाजूंनी निघतात, ४४ इंच पन्ह्यात दोनच. मोठा नक्षीकाम असलेला छापा असेल तर मधलं फूल बरोबर मध्यावर यावं म्हणून जास्त कापड लागतं. तिथे कंजुषी केली की अर्धं फूल इकडे, अर्धं तिकडे असं होतं.

इतकं झालं की मग रंग. राखाडी सोफा फ्लॅटमध्ये सगळे घेतात कारण त्यावर मळ दिसत नाही. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरचा उजेडही राखाडीच असतो, आणि तेवढे महिने खोली उदास वाटते. म्हणून तुमच्या घरात निळा, फिका हिरवा, पांढरा यांच्यापेक्षा मी ऊब असलेल्या रंगांकडे जाईन. गेरूचा तांबडा, हळदीचा गडद पिवळा, कोकमाच्या सालीचा लालसर जांभळा. हे रंग आपल्या डोळ्यांना घरचे आहेत. तांबडी माती, कौलं, देवळांच्या भिंतींवरची कावीची चित्रं, सगळीकडे हीच जात आहे. तुमचा हॉल पूर्वेचा, भरपूर उजेडाचा आणि सोफा तपकिरी असता तर मी नेमकं उलटं, निळ्या-पांढऱ्याकडे जायला सांगितलं असतं, म्हणून शेजारणीच्या घरातलं जसंच्या तसं उचलू नका.

पाच कुशनांना पाच रंग नकोत आणि एकच रंगही नको. तीन कापडं निवडा. एक छापील किंवा विणीतल्या नक्षीचं, ज्यात दोन-तीन रंग असतील. दुसरं त्या नक्षीतलाच एक रंग उचलून घेतलेलं साधं, पण पोत असलेलं. तिसरं चौकटीचं किंवा पट्ट्यांचं. नक्षी मोठी असेल तर चौकट बारीक घ्या, नक्षी बारीक असेल तर चौकट ठळक. दोन्ही सारख्या आकाराच्या झाल्या की डोळा कुठेच थांबत नाही. चौकटीसाठी आपल्या कुणबी विणीचा विचार जरूर करा. लाल जमिनीवर पांढऱ्या रेघांच्या चौकटी असलेलं हे कापड गोव्याचंच. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी या विणीची साडी पुन्हा लोकांसमोर आणली आणि आता त्या विणीचं कापड शोधलं तर मिळतं. राखाडीवर ते असं खुलतं की त्याच्याशेजारी दुसरं फार काही लागत नाही. हातमागाचं घ्या, छापलेल्या चौकटी घेऊ नका. छापील कापडाची उलटी बाजू फिकी असते, विणलेल्या कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या, यावरून ओळखता येतं. खणाचं कापडही सुंदर दिसतं, पण त्याचा पन्हा अरुंद असतो आणि वीण नाजूक. रोज टेकायच्या कुशनला ते लावू नका, मागची बाजू साध्या सुतीची करून कोपऱ्यातल्या मोठ्या कुशनला लावा.

कापड दुकानात बघून ठरवू नका. पाव मीटर तुकडा विकत घ्या, सोफ्यावर टाकून ठेवा, सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली जो गेरू सुंदर दिसतो तोच पिवळ्या दिव्याखाली विटकरी होतो. पश्चिमेच्या उन्हाने गडद लाल आणि नीळ लवकर उतरतात. तुमची खिडकी तीच आहे, म्हणून आठवड्याला कुशनांच्या जागा आणि बाजू बदला, आणि पडद्याला अस्तर लावा. लाल कापडाचा रंग जातो का हे पाहायला ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड मुलांच्या घरात नको, घामानेही कपड्यांना लागतं.

मांडणीचं फार अवघड नाही. लाकडी सरळ सोफ्यावर दोन्ही टोकांना सारखं ठेवलेलं शोभतं, कारण तो सोफाच तसा समतोल असतो. एल आकारावर तसं करू नका. वजन कोपऱ्यात ठेवा, मोठं आणि नक्षीचं तिथे, साधी लांब बाजूला. कुशनच्या वर मधोमध हाताची धार मारून खळगा पाडायची जी पद्धत व्हिडिओत दाखवतात ती पिसांच्या कुशनला ठीक आहे. फायबरला तसं रोज केलं की मधले तंतू मोडतात आणि खळगा कायमचा राहतो. फायबरच्या कुशनला रात्री दोन बाजूंनी थोपटून फुगवलं की पुरे.

आता पावसाळ्याची सोय. कव्हरांचे दोन संच करा. भरण तेच, कव्हरं वेगळी. पावसातला संच पातळ सुती, गडद, आठवड्याला धुता येईल असा. खण, भरतकाम, जाड हातमाग हा दुसरा संच मे महिन्याच्या अखेरीस उन्हात वाळवा, घरात आणून पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच सुती पिशवीत घालून कपाटात ठेवा. गरम असतानाच प्लास्टिकमध्ये बांधलं तर आत घाम धरतो. डांबरगोळ्या किडीसाठी असतात, बुरशीवर त्यांचा उपयोग नाही, त्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला. एसी असेल तर पावसात दिवसातून तास-दोन तास ‘ड्राय’ मोडवर चालवा, कुशनंच काय, पुस्तकंही वाचतात. सोफा भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे चार बोटं हवा राहू द्या. पश्चिमेची भिंत पावसाने भिजते आणि ओल तिथूनच येते.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या वेळी सगळ्यांचा गोंधळ होतो. पाऊस पुरता गेलेला नसतो आणि घर तर सजवायचं असतं. चांगला संच बाहेर काढायचा असेल तर दोन दिवस आधी पंख्याखाली मोकळा ठेवा, माटोळी (गणपतीच्या वर बांधलेली फळा-पानांची आरास) उतरली, पाहुणे गेले की पुन्हा उघड्यावर ठेवून मगच आत घाला. तेव्हा माणसं जास्त असतात, भजनाला खाली बैठक असते, त्यामुळे सोफ्यावरची कुशनं वाढवण्यापेक्षा दोन-तीन लोड करून ठेवा, भिंतीला टेकून बसता येतं. उरलेल्या दिवसांत ते दिवाणावर राहतात.

खरेदी एकदम करू नका. या महिन्यात बैठक मोजा, जुन्या भरणातलं चांगलं वेगळं काढा आणि सासूबाईंचं आडवं कुशन आधी करून घ्या. त्यांना आठवडाभर बसून बघू द्या, जास्त घट्ट वाटलं तर मूठभर फायबर काढता येतं. बाकीची कापडं घरी आणून ठरवा. बैठक किती इंच खोल आहे, सोफ्याच्या दोन्ही बाजूंची लांबी आणि पडद्यांचा रंग कळवलात तर कुठल्या कापडाचं कुठल्या मापाचं कुशन आणि किती मीटर लागेल ते नेमकं लिहून देते.